रिकामा डबा

वच्छलाबाई आणि तिचा दीर हेमराज एकमेकांशी बोलत नसत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे होता होता राहिलं ते त्या अबोल्यापायीच. आणि अबोला म्हणजे तुमच्या-आमच्या घरातला नव्हे, की दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी 'चहा टाक' म्हटलं. नागपूरच्या तांडापेठेतल्या त्यांच्या दुमजली घरात वच्छलाबाई खाली राहायची, हेमराज बायकापोरांसह वर. पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की वच्छलाबाई अंगणात उभी राहून सासूला ओरडून सांगायची, "आई, वरच्याईले सांगा, मोटर बंद करा म्हणा!" हेमराज गॅलरीतून तेवढ्याच मोठ्यानं ओरडायचा, "आई, खालच्याईले सांग, केली बंद!" मधल्या मध्ये प्रयागबाई, त्याची आई आणि हिची सासू, पायरीवर बसल्या बसल्या करवादायची, "काहून गा, तुमच्या कानात बोळे हायत काय? मी का टेलिफोन आहो?" गल्लीतली माणसं हसायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आणि दैवाची चेष्टा पाहा. घरात एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोघं सकाळी जेवणाचे डबे घेऊन एकाच गँगमध्ये कामाला जात. रेल्वेची गाडी विजेवर चालते, ती वीज रुळांच्या वरच्या तारेतून येते आणि ती तार रुळांच्या कडेचे लोखंडी खांब तोलून धरतात. ते खांब, त्यांचे आडवे हात, तारेला खांबापासून वेगळं ठेवणारे चिनीमातीचे इन्सुलेटर, नट, बोल्ट, पिना, हे सारं डोळ्यांत तेल घालून तपासायचं, हे त्यांचं काम. हेमराज खांबावर चढायचा आणि वच्छलाबाई खाली रॉड सांभाळायची. तो वर असेपर्यंत त्याचा जीव तिच्या हातात, आणि तो तिच्याशी बोलत नाही. घ्या!

वच्छलाबाई कोष्ट्याची लेक. उमरेडला मागाच्या खडखडाटात वाढली. पुढं वडिलांचा माग अडगळीत गेला, भाऊ बुटीबोरीच्या मिलमध्ये लागला आणि वच्छलाबाईचं लग्न रेल्वेतल्या ईश्वरदासशी झालं. ईश्वरदास मोठा बोलघेवडा माणूस. खांबावर चढला तरी वरून खालच्याची थट्टा चालू. तो गेला तो मात्र खांबावरून पडून नव्हे. उन्हाळ्यातला रविवार होता. दुपारी दोन वाट्या आमरस हाणून लवंडला, तो उठलाच नाही. ज्याचा जीव रोज तारेखाली टांगलेला, तो घरच्या गादीवर गेला. वच्छलाबाईला कितीतरी दिवस ते खरंच वाटेना.

तिला अनुकंपेवर नोकरी मिळाली. साहेब म्हणाले, ऑफिसात बसा, पाणी द्या, फायली न्या. ही म्हणाली, "नाही साहेब, मले लाइनवर पाठवा. ऑफिसात बसली तर मी दिवसभर रडत राहीन. लाइनवर रडाले फुरसत नाही भेटत." साहेब विचारात पडले. तेव्हा हेमराज पुढं झाला आणि सगळ्या गँगसमोर बोलला, "साहेब, माह्या वहिनीले लाइनवर नका घेऊ. तिचं चित्त थाऱ्यावर नाही. ही बाई एक दिवस कोनाचा तरी जीव घेईन."

वच्छलाबाई मागंच उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. त्याच्या मनात माया होती की आणखी काही, देव जाणे, पण तोंडातून निघालं ते असं. दिवसकार्य होऊन महिनाही लोटला नव्हता. घरी आल्यावर तिनं जिन्याचं खालचं दार लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून हेमराज तिच्यासाठी 'वरचे' झाला. त्याचाही ताठा काही कमी नव्हता. तोही 'खालच्या' म्हणू लागला.

लाइनवर ती गेलीच. सुरुवातीला पोरं हसली. रॉडची लांब काठी तिला पेलायची नाही, वाऱ्यानं टोक डुलायचं, आकडा तारेऐवजी हवेत फिरायचा. पण बाई जिद्दीची. पुढं गँगचा रॉड म्हटलं की वच्छलाबाईच, असं ठरूनच गेलं.

या रॉडचं सांगायला हवं. काम करायच्या आधी तारेतली वीज बंद करून घेतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पण वीज बंद झाली म्हणजे तार मेली असं समजणारा माणूस लवकर मरतो. शेजारच्या रुळावरची तार चालूच असते, तिच्यात पंचवीस हजार व्होल्ट धावत असतात, आणि तिच्या शेजारानं या बंद तारेतही करंट उतरतो. न दिसणारा, न वाजणारा. म्हणून कामाच्या दोन्ही टोकांना अर्थिंगचा रॉड लावतात. रॉडची केबल आधी रुळाला आवळायची, मग काठी उंच करून आकडा तारेत अडकवायचा, म्हणजे जो काही करंट असेल तो गुमान जमिनीत जातो. काढताना उलटं, आधी आकडा, मग रूळ. रॉड तारेवर आहेत तोवर वरचा माणूस सुरक्षित. रॉड निघाले की त्याचा काही भरवसा नाही.

मग रॉड काढायचा कधी? साहेब माणसं मोजतात, सह्या होतात, ते सगळं रीतसर असतंच. पण या गँगची आणखी एक रीत होती, ती ईश्वरदासनं घालून दिलेली. खांबावर चढणाऱ्यानं अंगावरचं धातूचं काही ठेवायचं नाही, हा नियमच आहे. ईश्वरदासनं त्यासाठी आपला सुपारीचा जुना पितळी डबा काढला. चढणाऱ्यानं आपली अंगठी, कडं, साखळी काढून रॉडवाल्याच्या डब्यात टाकायची. ज्याच्या अंगावर काहीच नाही त्यानं घराची किल्ली टाकायची. उतरल्यावर ज्यानं त्यानं आपली वस्तू आपल्या हातानं घ्यायची. डब्यात काही शिल्लक म्हणजे कुणीतरी वर आहे. डबा रिकामा झाल्याशिवाय रॉडला हात नाही. आता तो डबा वच्छलाबाईच्या कमरेच्या पिशवीत असे, आणि शेवटी ती ओरडे, "डबा रिकामा!" त्या दोन शब्दांवर साहेबसुद्धा निर्धास्त होत.

ज्याची वस्तू त्याच्याच हातात, हा ईश्वरदासचा दंडक. वच्छलाबाईनं तो सगळ्यांना लावला, फक्त एका माणसाला सोडून. हेमराज तिच्या समोर हात पसरायचा नाही आणि ही त्याच्या हातात काही द्यायची नाही. त्याची अंगठी यायची ती जितेंद्रच्या हातून आणि जायची तीही जितेंद्रच्याच हातून. जितेंद्र म्हणजे गँगमधला उत्साही गडी, सगळ्यांचा लाडका, हेमराजच्या जोडीनं चढणारा. घरात प्रयागबाई टेलिफोन, लाइनवर जितेंद्र. सगळ्यांना हे दिसत होतं. पण घरगुती भांडणात कोण नाक खुपसणार?

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ जहाल दिवस, लागला होता. नागपूरचं ऊन काय असतं ते नागपूरकरालाच विचारा, आणि नवतप्यात तर रुळावर हात ठेवायची सोय नसते. पावसाळ्याच्या आधीची तपासणी चालू होती, बुटीबोरीच्या अलीकडच्या एका वळणावर. माणसांनी डोक्याला दुपट्टे गुंडाळून वर हेल्मेट चढवली होती, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदे ठेवले होते. चंपतराव साहेब कडेच्या उंचवट्यावर निंबाच्या सावलीत फोन घेऊन उभे होते. त्यांच्या काखेत गुंडाळलेला झेंडा होता. काम संपलं, वीज सोडणाऱ्या कंट्रोलला कळवलं, की ते तो झेंडा उघडत. झेंडा उघडला म्हणजे वीज आली समजायचं.

ब्लॉक मिळाला. दोन्ही टोकांना रॉड लागले, या टोकाला वच्छलाबाईचा आणि त्या टोकाला दुसऱ्या गड्याचा. जितेंद्रनं आपलं कडं डब्यात टाकलं आणि मागोमाग हेमराजची अंगठी टाकली. काळ्या लोखंडाची, घोड्याच्या नालेची. शनीची पीडा टळावी म्हणून प्रयागबाईनं दोन्ही लेकांना एकाच दिवशी तशा अंगठ्या करून दिल्या होत्या. ईश्वरदासची वच्छलाबाईच्या कपाटात होती. ही डब्यात पडली की तिला रोज तीच आठवायची, आणि रोज ती झाकण जरा जास्तच जोरात लावायची.

जितेंद्र समोरच्या खांबावर चढला. हेमराज वळणापलीकडच्या खांबावर गेला. तो खांब बाभळींच्या आड होता, इथून त्याचं फक्त टोक दिसायचं.

काम चाललं होतं, पण कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता. मागच्या स्टेशनात एक एक्सप्रेस उन्हात उभी होती, आतली माणसं बोंबलत होती. "हो, हो, पाच मिनिटं," असं म्हणून म्हणून साहेबांचं तोंड सुकलं. "अरे चला रे, आवरा!" ते ओरडले. माणसं भराभर उतरली. हेमराजही उतरून आला, कॅनमधलं पाणी घटाघट प्याला, वच्छलाबाईकडं पाठ करूनच. साहेबांनी माणसं मोजली. सगळी बरोबर भरली. जितेंद्रनं डब्यातून आपलं कडं घेतलं, हेमराजची अंगठी घेतली, आणि हरवायला नको म्हणून आपल्या करंगळीत घालून ठेवली.

एवढ्यात शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी आली. काय तो धडधडाट आणि काय ती काळी धूळ! सगळ्यांनी पाठी फिरवल्या, दुपट्टे तोंडावर ओढले.

आता जे झालं ते वच्छलाबाईला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं. हेमराजला त्या धुळीत उभ्या उभ्या एक पिन आठवली. वळणावरच्या खांबाच्या आडव्या हातातली, इन्सुलेटरच्या पलीकडची. आपण ती पाहिली की पाहिलीच नाही? त्याला चैन पडेना. तपासणीच्या कामात या एका शंकेनं माणूस रात्रभर जागतो. त्यानं जितेंद्रला हातानं खूण केली, 'येतोच पाहून.' जितेंद्रचे डोळे दुपट्ट्याखाली मिटलेले. हेमराजला वाटलं, पाहिलं त्यानं. आणि नसेल पाहिलं तरी काय बिघडलं? अंगठी अजून आपल्या बोटात आली नाही, म्हणजे ती डब्यात आहे. डबा रिकामा नाही, म्हणजे रॉड हलणार नाही. असा हिशेब करून तो माणूस बाभळींमागं गेला आणि बिनघोर वर चढला.

मालगाडी संपायची होती. तिचे शेवटचे डबे खडखडत होते. साहेब उंचवट्यावरून ओरडले, "वच्छलाबाई, डबा?"

तिनं झाकण उघडलं. आत सुपारीचा जुना डाग, बाकी काही नाही.

"डबा रिकामा!" ती ओरडली.

त्या टोकाचा रॉड निघाला. तिनं आपली काठी वर ढकलली, आकडा तारेतून सोडवला आणि काठी तिरपी करून खाली घ्यायला लागली. केबल अजून रुळाला आवळलेली होती. साहेबांनी फोन कानाला लावला. जितेंद्र धावत आला. "काकू, सोडा, मी धरतो," म्हणत त्यानं तिच्या हाताच्या वर हात ठेवून काठी पकडली.

त्याच्या करंगळीत घोड्याच्या नालेची अंगठी होती.

वच्छलाबाईला क्षणभर काही उमजेना. मग तिनं विचारलं, "हे तुह्या बोटात काहून हाय गा?"

"भाऊची हाय. देतो ना."

"अजून दिली नाही?"

"आता देतो म्हटलं ना काकू. इथीसाच तर होते..." जितेंद्रनं वळून पाहिलं. कॅनजवळ कुणी नव्हतं. सावलीत माणसं होती, त्यांत हेमराज नव्हता. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे बाप्पा!"

वच्छलाबाईनं बाभळींकडं पाहिलं. झाडांच्या वर खांबाचं टोक, आणि टोकाशी पिवळं हेल्मेट. हलत होतं.

काठी हातातून निसटता निसटता राहिली. दोन्ही रॉड निघालेले. शेजारची तार चालू. त्याचा हात इन्सुलेटरच्या पलीकडं गेला, की संपलं. आणि साहेब तर वीजच चालू करायला सांगत होते. तिच्या कानात एकच वाक्य घुमायला लागलं, 'ही बाई एक दिवस कोनाचा तरी जीव घेईन.' पंढरपूर नाही, काशी नाही, देव नाही, त्या घडीला तिला हेच आठवलं.

"साहेब, थांबा!" ती किंचाळली. वारा उलटा, मालगाडीची शेपटी अजून खडखडतेय. साहेबांनी एका कानावर हात दाबून धरला होता आणि दुसऱ्या कानानं ते कंट्रोलशी बोलत होते.

"जितेंद्र, पळ! साहेबाचा फोन हिसक! पळ ना बे!"

जितेंद्र पळाला. ती एकटी उरली, हातात ती लांब काठी. एकदा उतरवलेला रॉड साहेबांच्या हुकमाशिवाय पुन्हा तारेला लावायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तार चालू झाली असेल तर आकडा टेकताच तोंडासमोर भडका होतो, आणि काठी धरणाऱ्याचं काय होईल याची कुणी खात्री देत नाही. तिनं साहेबांच्या काखेकडं पाहिलं. झेंडा गुंडाळलेलाच होता. एवढ्या आधारावर तिनं काठी उचलली.

काठी डुलायला लागली. पहिल्या दिवसासारखी, जेव्हा पोरं हसली होती. आकडा तारेच्या बाजूनं निघून गेला. घामानं डोळे चुरचुरत होते. तिनं पुन्हा नेम धरला, पुन्हा चुकला. मालगाडीचा खडखडाट विरला, आणि मग काठी तोलता तोलता, मान वर, डोळे तारेवर, तिच्या छातीतून तो शब्द निघाला जो वर्षानुवर्षं तिनं गिळून ठेवला होता.

"भाऊजी! हात नका लावू! भाऊजी!"

आकडा तारेत बसला. बसता बसता 'चिट्ट' असा आवाज झाला आणि एवढीशी निळी ठिणगी उडाली. बस. भडका नाही, स्फोट नाही. शेजारच्या तारेचा उतरलेला करंट जमिनीत गेला, इतकंच. पण ती ठिणगी वच्छलाबाईनं पाहिली. तेवढी एका माणसाला पुरली असती.

उंचवट्यावर जितेंद्र साहेबांच्या अंगावर जवळजवळ पडलाच. साहेब फोनमध्ये ओरडताना ऐकू आले, "रुको, रुको! चालू मत करना! आदमी ऊपर है! अरे ऊपर है ना भाई!" आणि मग फोन तसाच कानाला धरून ते मटकन खाली बसले.

वच्छलाबाईनं काठी सोडली नाही. बाभळींमागून हेमराज चालत येताना दिसला, दोन्ही पायांवर, धडधाकट, तरीही सोडली नाही. शेवटी त्या टोकाच्या गड्यानं येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

साहेब खाली आले. रागानं आणि भीतीनं त्यांचा आवाज चिरकत होता. "डबा रिकामा कोण म्हणालं?"

"मी म्हटलं साहेब," वच्छलाबाई म्हणाली.

"चूक माही हाय साहेब," जितेंद्र रडवेला झाला होता. "मी भाऊची अंगठी घेऊन ठेवली अन् ते कुठी गेले ते पाहिलंच नाही."

"आणि तू? न सांगता वर गेलास?" साहेब हेमराजवर उसळले.

हेमराज अजून बावचळलेलाच होता. "मी खूण केली होती साहेब. अन् माही अंगठी माह्या हातात आलीच नव्हती. म्हटलं, डबा रिकामा होतेच कसा? हात पुढं केला होता, पिनेच्या जागी लावतच होतो. तेवढ्यात 'भाऊजी' ऐकू आलं." तो थांबला. "मले वाटलं, ऊन लागलं आपल्याले. भलतंच ऐकू येऊन राहिलं. म्हणून हात मागं घेतला."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदमच कळलं होतं की अंगठी डब्यातून निघून त्याच्या बोटापर्यंत का पोचली नव्हती. माणसं रुळावरच्या गिट्टीकडं पाहत उभी राहिली.

वच्छलाबाई पुढं आली. बोलली ती सरळ त्याच्या तोंडाकडं पाहून. "तुमी सर्व्याईसमोर म्हटलं होतं, ही बाई कोनाचा तरी जीव घेईन. आज घेतला असता भाऊजी. तुमचाच घेतला असता. मंग मी आईले काय तोंड दाखवलं असतं?"

हेमराजचा ताठा तिथंच गळाला. "वहिनी, दादा गेला होता," तो म्हणाला. "तुमी बी लाइनवर जाऊन राहिल्या होत्या. मले भेव वाटलं, तुमाले काही झालं तर. नीट बोलता नाही आलं मले. भलतंच निंगून गेलं तोंडातून."

"मंग तसं सांगाचं होतं ना! इतके वर्ष काय मोटर बंद करत बसले?" असं म्हणून ती जी रडायला लागली, ती चांगलीच रडली. लाइनवर रडायला फुरसत मिळत नाही, हे तिचंच म्हणणं तिनं खोटं ठरवलं.

साहेबांनी नाक शिंकरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मग विचारलं, "आणि ती पिन?"

"नाही साहेब. पिन नाहीच तिथं. भोक रिकामं हाय. पहिल्या वादळात खांबाचा हात निसटला असता अन् तार खाली."

म्हणजे पुन्हा चढणं भाग होतं. कंट्रोलनं ब्लॉक वाढवून देताना साहेबांची खरडपट्टी काढली, ती त्यांनी मुकाट ऐकून घेतली. तार बंद असल्याची पुन्हा खात्री झाली, दुसऱ्या टोकाचाही रॉड लागला, वच्छलाबाईनं आपला आकडा स्वतः ओढून पाहिला. साहेब म्हणाले, हेमराज, तू बस, जितेंद्र जाईल. हेमराज म्हणाला, रिकामं भोक मले दिसलं, पिन मीच लावतो. साहेबांनी त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, हात सरळ करून दाखवायला लावले आणि मगच हो म्हटलं.

हेमराजनं जितेंद्रच्या करंगळीतून अंगठी काढून घेतली. वच्छलाबाईसमोर येऊन उभा राहिला. तिनं डबा पुढं केला, त्यानं अंगठी टाकली, ती टण्णकन वाजली. मग तो बाभळींमागं गेला. या वेळी वच्छलाबाई पिवळ्या हेल्मेटवरून नजर काढत नव्हती, आणि साहेबही नव्हते काढत.

पिन बसली. हेमराज उतरून आला आणि तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला.

वच्छलाबाईनं झाकण उघडलं नाही. "हात काय दाखवता? तोंडानं मागा."

हेमराजनं एकदा खाली पाहिलं, एकदा गँगकडं पाहिलं.

"वहिनी, माही अंगठी द्या," तो म्हणाला.

तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो बोटात घालेपर्यंत पाहत राहिली. मग डबा उलटा करून तळाला टिचकी मारली.

"वच्छलाबाई, डबा?" साहेबांनी उंचवट्यावरून विचारलं.

तिनं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. 'रिकामा,' ती पुटपुटली, ते तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच काय ते ऐकू गेलं.

हेमराजनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गॅलरीतून ओरडायचा तसा ओरडला, "साहेब, वहिनी म्हणते, डबा रिकामा!"